रतनगड ते हरिश्चंद्रगड : हिवाळ्यातली तीन दिवसांची वाट

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चालायला उजेडाचे जेमतेम अकरा तास. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला जायचं तर सगळं नियोजन या अकरा तासांभोवती करावं लागतं. या वाटेवर बहुतेक फजिती थंडीमुळे होत नाही. अंधारामुळे होते, आणि अंधार गाठतो तो सकाळी वाया घालवलेल्या दीड तासामुळे.

वाट अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. प्रवरेच्या खोऱ्यातल्या रतनवाडीतून सुरुवात, रतनगड, मग कात्राबाईची खिंड ओलांडून मुळेच्या खोऱ्यात कुमशेत, तिथून पाचनई, हरिश्चंद्रगड, आणि शेवटी टोलार खिंडीतून जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पुढे हवा छान असते, पण ओढे आटू लागतात आणि पाणी वाहायचं ओझं वाढतं. जवळपास सगळी वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि मुक्कामाचे नियम बदलत असल्यामुळे रतनवाडीत आणि पाचनईत वनविभागाच्या माणसांना विचारूनच तंबू कुठे लावायचे ते ठरवावं. उघड्यावर जाळ करायला अभयारण्यात मनाई आहे. हिवाळ्यात डोंगरभर कंबरभर वाळलेलं गवत उभं असतं. एक ठिणगी उडाली तरी सोंडच्या सोंड पेटते आणि वणवा विझवायला कुमशेतच्या माणसांना रात्रभर धावावं लागतं. त्यामुळे शेकोटीचा विचार घरीच सोडून या.

माणसं आणि ओझं

सहा जण ही या वाटेसाठी चांगली संख्या. तीन तंबू, एक स्टोव्ह, एक मोठं पातेलं यांत भागतं आणि शिड्यांवर खोळंबा होत नाही. दहाच्या वर गेलात की प्रत्येक थांबा दुप्पट लांबतो. सर्वांत पुढे वाट ओळखणारा आणि सर्वांत मागे दमसास असलेला, शांत स्वभावाचा एक जण, हे दोघे घरून निघतानाच ठरवा. मागच्याच्या पाठीमागे कोणीही राहायचं नाही, आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. चुकामूक बहुतेक वेळा फाट्यावरच होते. पुढचा वळून निघून जातो आणि मागचे गप्पांच्या नादात सरळ जातात.

सॅक ४५ ते ५० लिटरची पुरते. पाण्यासकट ओझं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो ही वरची मर्यादा समजा, १० किलोत बसवलंत तर उत्तम. भरताना स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे तळाशी, जड वस्तू म्हणजे तांदूळ, स्टोव्ह, पाणी पाठीला चिकटून मधल्या उंचीवर, आणि जाकीट, टॉर्च, खाऊ सर्वांत वर. जड वस्तू बाहेरच्या बाजूला ठेवल्या की सॅक मागे ओढते. सपाटीवर ते जाणवत नाही, पण शिडीवर आणि कातळटप्प्यावर तोल तिथेच जातो. कॅरीमॅट आडवी बांधू नका, ती कारवीत आणि शिडीच्या कठड्यात अडकते, उभी बांधा.

सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिक पिशवी घालून सगळं तिच्यात भरा. पाऊस नसला तरी दव असतंच, आणि बाटली गळायलाही मुहूर्त लागत नाही.

कपडे आणि झोप

हरिश्चंद्रगडावर हिवाळी रात्री तापमान दहाच्या खाली जातं, आणि कोकणकड्याकडून, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या खोल कड्याकडून, वारा सुटला की ते आणखी पाच अंशांनी कमी वाटतं. तरी दिवसा चढताना घामाच्या धारा लागतात. खरी अडचण या घामाचीच आहे. ओला सुती टीशर्ट अंगावर ठेवून माणूस खिंडीत वाऱ्याला बसला की दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो. म्हणून चालताना अंगात लवकर वाळणारा एकच पातळ टीशर्ट असू द्या. सकाळी निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊब वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे. थांबलात की आधी वाऱ्याचं जाकीट चढवा, मग पाणी प्या, मग फोटो.

झोपायचा जोड पूर्ण वेगळा ठेवा: कोरडा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, फ्लीस, कोरडी विजार, लोकरी मोजे, कानटोपी. हे कपडे घालून चालायचं नाही, कितीही थंडी असली तरी. जीन्स तर आणूच नका. गुळगुळीत नायलॉनची पूर्ण लांबीची पँट घ्या, कारण हिवाळ्यात कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळं सुती कपड्यात आणि मोज्यात शिरतात, चालताना आत-आत सरकतात आणि संध्याकाळपर्यंत घोटे सोलून काढतात. घोट्यावर गेटर, म्हणजे बूट आणि पोटरी झाकणारी पट्टी, बांधले तर हा त्रास जवळजवळ संपतो.

स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंत आरामदायी असेल अशी घ्या. पिशवीवर दोन आकडे असतील तर वरचा, आरामाचा, आकडा धरा. खालच्या आकड्याला माणूस जगतो, झोपत नाही. पण बॅगेइतकंच महत्त्व मॅटला आहे. अंगाखाली दाबली गेलेली बॅग ऊब धरत नाही, आणि कातळ रात्रभर अंगातली उष्णता शोषत राहतो. किमान १० मिलिमीटरची फोमची मॅट हवीच. त्याखाली तंबूच्या आकाराची प्लास्टिक ताडपत्री.

तंबूची वरची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका. दोन माणसांच्या श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब बॅगेवर पडते. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणं तर जिवावरचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गुंगी येते आणि माणूस उठत नाही.

शिधा आणि इंधन

दोन रात्री गावात मुक्काम असल्याने स्वयंपाक फक्त गडावर करावा लागतो. रतनवाडी आणि कुमशेतमध्ये आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर घरगुती जेवण मिळतं: पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, भात. ते घ्याच. ओझंही वाचतं आणि गावात चार पैसेही राहतात.

गडावरच्या एका रात्रीसाठी सहा जणांना ६०० ग्रॅम तांदूळ आणि ३०० ग्रॅम मुगाची डाळ पुरते. सुमारे साडेतीन लिटर पाणी, पाच लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं, घट्ट झाकण. गडाच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. पोहोचल्याबरोबर तांदूळ-डाळ भिजत घाला, तासाभराने स्टोव्हवर चढवा. मसाला, हळद, मीठ, हिंग घरीच एका पुडीत एकत्र करून आणा. तूप १०० ग्रॅम, आणि ते हात आखडता न घेता वाढा, कारण रात्री अंग गरम ठेवायला स्निग्ध पदार्थच कामी येतात. सकाळसाठी ४२० ग्रॅम रवा घरीच भाजून, फोडणी देऊन, मीठ-साखर घालून पिशवीत भरा. दीड लिटर उकळत्या पाण्यात टाकला की पाच मिनिटांत उपमा.

वाटेत खायला माणशी दिवसाला २०० ग्रॅम तरी हवं: शेंगदाणे-गूळ, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. हे सॅकच्या पोटात नको, कमरेच्या खिशात हवं. दर तासाला मूठभर खाल्लं तर दुपारी गळून जायला होत नाही.

२३० ग्रॅमचं एक गॅस कॅनिस्टर यासाठी पुरतं, पण दुसरं सोबत ठेवा. निव्वळ ब्यूटेनचं कॅनिस्टर पहाटेच्या गारठ्यात मलूल होतं, कारण ब्यूटेन साधारण शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो आणि जळता जळता डबा स्वतःच गार होत जातो. प्रोपेन मिसळलेलं कॅनिस्टर घ्या. नसेल तर रात्री ते स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. स्टोव्हभोवती दगडांचा आडोसा करा, पण चारी बाजूंनी कोंडू नका. तापलेला डबा धोक्याचा.

पहिला दिवस: रतनवाडी, रतनगड, कात्राबाई, कुमशेत

आदल्या संध्याकाळीच रतनवाडीत पोहोचा. मुंबईहून कसारा-घोटी-शेंडी आणि पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी. पुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडी. पहाटे गाडीतून उतरून थेट चालायला लागण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. न झोपलेला गट या दिवसाला पुरा पडत नाही. गावातूनच कात्राबाईपर्यंत किंवा थेट कुमशेतपर्यंत एक वाटाड्या ठरवा. रतनगड आणि कात्राबाईच्या वाटा फुटतात त्या फाट्यापासून खिंडीपर्यंतच्या जंगलात ढोरवाटांचं जाळं आहे आणि हिवाळ्यात पानगळीने मळलेली वाटही झाकली जाते. मोबाइलमधल्या नकाशाच्या जोरावर इथे एकट्याने जाऊ नये. वाटाड्याचे पैसे आदल्या रात्री स्पष्ट बोलून घ्या, त्याच्या जेवणाचं आणि परतीचं आपण बघा.

साडेसहाला, उजाडायला लागताच, अमृतेश्वराच्या देवळापासून निघा. सुरुवातीला प्रवरेचं पात्र वाट अनेकदा आडवी ओलांडते. दगडांवर सकाळचं दव असतं, उड्या मारू नका. मग जंगलातला चढ. वर एका ठिकाणी वाट फुटते: एक रतनगडाच्या शिड्यांकडे चढते, दुसरी दक्षिणेला कात्राबाईकडे जाते. हा फाटा नीट पाहून ठेवा, परत इथेच यायचं आहे. शक्य असेल तर सॅक इथे ठेवून दोघांना थांबवा आणि पाळीपाळीने वर जा; पण त्याने तास-दीड तास वाढतो, आणि एवढा वेळ या दिवसात नाही. त्यामुळे बहुतेक गट सॅक घेऊनच चढतात, किंवा वाटाड्याच्या ओळखीचं कोणी सॅकांजवळ बसवतात. नुसत्या ठेवून गेलात तर माकडं चेन उघडून खाऊ काढतात.

लोखंडी शिडीवर एका वेळी एकच माणूस. सॅकचा कमरपट्टा घट्ट, छातीचा पट्टा लावलेला, काठ्या मिटवून सॅकला बांधलेल्या. दोन्ही हात शिडीला, तोंड शिडीकडे, उतरतानासुद्धा. शनिवार-रविवारी नऊनंतर इथे रांग लागते, साडेसहाला निघण्याचं ते दुसरं कारण.

साडेनऊपर्यंत वर पोहोचलात की गडासाठी दीड तास मिळतो. तेवढ्यात नेढं (कातळाला आरपार पडलेलं भोक), टाकी आणि त्र्यंबक दरवाजाकडची बाजू होते. नेढ्यात बसल्यावर एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि कळसूबाई, दुसरीकडे कोकणाकडे तुटलेले कडे दिसतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ हवेत अलंग-मदन-कुलंगच्या कातळभिंती ओळखू येतात. तिथून उठवत नाही हे खरं आहे. पण अकराला उतरायला लागाच.

बाराला फाट्यावर, अर्धा तास जेवण. इथला नियम एकच: दुपारचा एक वाजून गेला असेल तर कात्राबाईला जायचं नाही, रतनवाडीला परत उतरायचं. फाट्यापासून खिंड अडीच तास आणि खिंडीतून कुमशेत दोन तास. एकला निघालात तर साडेपाचला गावात, म्हणजे उजेडाच्या अगदी कडेवर. शिवाय कुमशेतच्या पश्चिमेला आजोबाचा डोंगर उभा आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी खोऱ्यात सावली उतरते आणि थंडी एकदम वाढते.

पाण्याचा हिशेब: रतनवाडीतून माणशी तीन लिटर घ्या. कात्राबाईच्या जंगलातल्या ओढ्यांना डिसेंबरात पाणी असू शकतं, पण त्याच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नका. थंडीत तहान लागत नाही, म्हणून माणसं पीत नाहीत, आणि दुपारी तीनला खिंडीच्या चढावर मांडीत गोळे येतात. तहान न लागता दर अर्ध्या तासाला चार घोट. ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाकल्यावर अर्धा तास तरी थांबा. गार पाण्यात औषध हळू काम करतं.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. इथे प्रवरा आणि मुळा यांची खोरी वेगळी होतात. उत्तरेकडचं पाणी प्रवरेला आणि दक्षिणेकडचं मुळेला. खिंडीपलीकडचा उतार मुरमाड आहे आणि त्यावर वाळलेलं गवत आडवं झालेलं असतं. असं गवत पेंढ्यासारखं घसरतं. पूर्ण पाऊल टेकवा, गुडघे किंचित वाकवलेले ठेवा, दोन माणसांत पाच-सहा पावलांचं अंतर सोडा. बूट आणण्यापूर्वी तळवा बघा; खाचा झिजलेले बूट या उतारावर पायात असून नसल्यासारखे.

दुसरा दिवस: कुमशेत ते हरिश्चंद्रगड

हा दिवस सोपा. मुळेच्या खोऱ्यातून पाचनई चार तासांच्या आसपास. उन्हाचा भाग आहे, टोपी लागते. कोणाचा गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर कुमशेतहून जीप ठरवून त्याला पाचनईला पाठवा. गडावर चढायचं की थांबायचं ते तिथे ठरवता येतं. पाचनईत नाक्यावर नोंद करा, पाणी भरा आणि एकपर्यंत चढायला लागा. वाट कड्याच्या पोटातून, बाहेर झुकलेल्या कातळाखालून जाते आणि दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ पोहोचते.

पिण्याचं पाणी देवळाच्या परिसरातल्या टाक्यांतून घ्या, स्थानिकांना कोणतं टाकं पिण्याचं ते विचारून. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात लोक उतरतात, ते पिऊ नका. आणि कोणत्याही टाक्यात भांडी बुडवू नका, साबण तर अजिबात नको. पुढच्या पावसापर्यंत तेच पाणी सगळ्यांना पुरायचं असतं.

तंबूची जागा नेमून दिलेली नसेल तर थोड्या उंचवट्यावर, झाडांच्या आडोशाला निवडा. ओढ्याकाठचा खोलगट भाग निवांत दिसतो, पण रात्री जड झालेली गार हवा उतारांवरून तिथेच येऊन साचते आणि दवही तिथेच जास्त पडतं. कोकणकड्याजवळ वारा रात्रभर झोपू देत नाही, आणि अंधारात उठलेल्या माणसाला कडा दिसत नाही.

तंबू लावून, तांदूळ भिजवून साडेचारला कोकणकड्यावर जा; सूर्यास्त तिथूनच बघायचा. कडा आत वळलेला आहे, म्हणजे काठावर उभ्या माणसाच्या पायाखाली आधार दिसतो त्यापेक्षा कमी असतो. काठाजवळ पालथं झोपून, मागच्याने पाय धरलेले असतानाच डोकवा. परतताना अंधार पडतोच, म्हणून हेडटॉर्च प्रत्येकाच्या कपाळाला हवा, सहांत दोन असून चालत नाही. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. सुटे सेल आणि फोन रात्री बॅगेत, अंगाशी ठेवा.

झोपण्याआधी गूळ-शेंगदाणे खा, लघवीला जाऊन या, धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. मद्य घेऊ नका. त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि अंगातली उष्णता मात्र निघून जाते. रात्री एखादा मित्र गप्प झाला, शब्द अडखळू लागले, साधी गाठ सोडवता येईना, तर तो नुसता दमलेला नाही. ताबडतोब ओले कपडे काढा, कोरडे घाला, टोपी चढवा, दोघांच्या मध्ये झोपवा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी घोट-घोट द्या. सुधारणा दिसली नाही तर गडावरच्या स्थानिकांना उठवा आणि ११२ वर फोन लावा. रेंज सगळीकडे नसते, म्हणून ती कुठे येते हे संध्याकाळीच बघून ठेवा.

तिसरा दिवस: तारामती, टोलार खिंड, खिरेश्वर

सूर्योदयासाठी तारामती शिखर, उंची १४२९ मीटर. सॅक न घेता जा. उपमा-चहा आटोपून साडेनऊला निघालात तरी चालतं, उलट घाई नकोच: टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा दवाने ओला असतो आणि ऊन लागेपर्यंत घसरतो. तिथे रेलिंग आहे, पण भार त्यावर टाकू नका. आधी हलवून बघा. देवळापासून खिंडीपर्यंत दोन-अडीच तास लागतात, त्यात जंगलातले छोटे चढ-उतार आहेत आणि वाटा फुटतात. खुणांचे बाण दिसेनासे झाले की शेवटच्या बाणापर्यंत मागे या, पुढे शोधू नका.

खिंडीत वाघाचं शिल्प आहे. इथून एक वाट कोथळ्याकडे उतरते आणि एक खिरेश्वरकडे. दोन्ही ठळक आहेत, त्यामुळे शिल्पापाशी सगळे जमल्यावरच पुढे निघा. तासाभरात खिरेश्वर. गावातलं नागेश्वराचं जुनं देऊळ वाकडी वाट करून बघण्यासारखं आहे. मग धरणाच्या भिंतीवरून खुबी फाट्यापर्यंत पाच किलोमीटर, सावली अजिबात नाही, तेव्हा खिरेश्वरमध्येच बाटल्या भरून घ्या. फाट्यावर कल्याण आणि आळेफाटा, दोन्ही बाजूंच्या एसटी मिळतात.

घरी पोहोचल्यावर स्लीपिंग बॅग आणि तंबू त्याच रात्री पसरून वाळत घाला, दुसऱ्या दिवशी नाही. दवाने दमट झालेल्या बॅगेला आठवड्यात बुरशी धरते. वाळल्यावर बॅग दाबाच्या पिशवीत न कोंबता सैल उशीच्या खोळीत ठेवा. मोज्यांतली कुसळं चिमट्याने काढा, धुवून ती निघत नाहीत.